पाऊस इटकळला, पाणी फरशीवर: दुधाच्या गाड्यांवरच्या सेन्सरचं एक प्रकरण

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर बोरामणी मागे पडली की उजव्या हाताला अक्कलकोट तालुक्याकडे उतरणारे फाटे लागतात. त्यातल्या एका फाट्यावरून आत गेलं की सहाएक किलोमीटरवर ओढा आहे आणि ओढ्यावर फरशी. कठडे नाहीत, खाली सिमेंटचे दोन पाइप. एरवी त्या पाइपांतून पाणी जातं की नाही हेही कळत नाही. परतीच्या पावसात मात्र ती फरशी तासाभरात दिसेनाशी होते. या भागातून रोज दोन वेळा दूध गोळा करणाऱ्या एका ठेकेदाराच्या पाच पिकअपपैकी तीन याच फरशीवरून जातात. गावांची आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही, कारण त्यांचा धंदा चालू आहे. मी मोजमापाच्या उपकरणांचं काम करणारा, आणि ठेकेदारांची माझ्याकडे मागणी एवढीच होती: "सर, फरशीवर पाणी आलंय ते मला फाट्यावर कळाय पाहिजे. वड्यावर जाऊन कळलं तर काय उपयोग?"

उपयोग का नाही, ते आधी सांगतो. संध्याकाळचं दूध कॅनमध्ये येतं तेव्हा कोमट असतं. बल्क कूलरला, म्हणजे दूध एकत्र थंड करणाऱ्या टाकीला, पोहोचून ते ४ अंशांपर्यंत उतरेपर्यंत घड्याळ चालूच असतं. फाट्यावरच कळलं तर गाडी सरळ महामार्गाने वळसा घेऊन जाते आणि उशीर सोसता येतो. ओढ्यापर्यंत जाऊन परत फिरायचं म्हणजे आत-बाहेरचे बारा किलोमीटर फुकट, वर खड्डे, शिवाय पुढच्या गावातले लोक कॅन घेऊन चौकात थांबलेले. उकळून पाहिल्यावर दूध फाटलं की डेअरी कॅन परत करते आणि ते नुकसान ठेकेदार आणि शेतकरी यांच्यात भांडून वाटलं जातं. यापेक्षा वाईट म्हणजे ओढ्यावर पोचलेला ड्रायव्हर परत फिरायला नाखूष असतो. "गुडघ्याएवढंच हाय, काढतो" म्हणून गाडी घालणारे आपल्याकडे दरवर्षी निघतात. वाहतं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं तरी हलकी गाडी उचलली जाऊ शकते, आणि फरशीची कड वाहून गेलेली असेल तर ती गढूळ पाण्यात दिसत नाही.

या भागात पाऊस मोजायला कोणी नाही असं नाही. महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि पीकविमा व पंचनाम्याच्या वेळी गावागावांत त्या आकड्यावरून वाद होतात. पण एका मंडळात पंधरा-वीस गावं आणि केंद्र एकच. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला आपल्याकडचा पाऊस दुपारी चारनंतर आभाळ भरून येऊन पडणारा. केंद्राच्या गावात ऊन आणि चार किलोमीटरवर बांध फुटलेले, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला नवल वाटत नाही. रडारचं म्हणाल तर अडीचशे किलोमीटरवरच्या रडारचा सर्वांत खालचा झोतसुद्धा पृथ्वीच्या वक्रतेमुळे आपल्या डोक्यावरून पाच-सहा किलोमीटर उंचीने जातो. उंच ढग त्याला दिसतो, पण खाली नेमकं किती पडलं ते त्यावरून सांगता येत नाही.

गंमत म्हणजे सोलापूर हवामानाच्या उपकरणांना नवखं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग २०१८ आणि २०१९ साली इथूनच केला. केगावला रडार होतं, जमिनीवर पर्जन्यमापकांचं जाळं होतं, विमानं ढगांत जाऊन थेंब मोजून येत होती. ढगाच्या पोटात काय चाललंय ते मोजून झालं, पण बोरामणीच्या फाट्यावर उभ्या असलेल्या पिकअपवाल्याला पुढे काय आहे ते आजही समोरून येणाऱ्याला हात दाखवून विचारावं लागतं.

आणि इथे भूगोलाचीही अडचण आहे. फरशीवर येणारं पाणी फरशीच्या गावात पडलेलं नसतंच. बालाघाटच्या कडेचे ओढे तुळजापूर तालुक्यातून दक्षिणेला उतरून हरणा-बोरी नद्यांच्या खोऱ्यात येतात. म्हणजे पाऊस इटकळ गावाच्या वरच्या अंगाला, धाराशिव जिल्ह्यात. पाणी खाली अक्कलकोट तालुक्यात, सोलापूर जिल्ह्यात. एका जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात पावसाची नोंद होते, दुसऱ्या जिल्ह्यातल्या ओढ्याला पूर येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आलेला खोल अवदाब, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, तेलंगणातून सोलापूरवर आला तेव्हा बोरीकाठच्या गावांनी हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं. तेवढं मोठं संकट असलं की बातम्या येतात, रस्ते अधिकृतपणे बंद होतात. आमचं प्रकरण त्याच्या खालच्या पायरीचं आहे: ज्याची बातमी होत नाही, पण ज्यात दर हंगामात दोन-चार वेळा दूध नासतं आणि कधीतरी गाडी जाते.

ठेकेदाराच्या उरलेल्या दोन गाड्या नेमक्या वरच्या अंगाच्या गावांतून, इटकळच्या बाजूने दूध आणतात. म्हणजे ज्याला खबर हवी तो आणि ज्याला खबर असते तो, दोघं एकाच मालकाच्या पगारावर. हे लक्षात आल्यावर बाकीचं बरंचसं वायरिंगचं काम होतं.

रस्त्यावरचं हवामान चालत्या गाडीतून मोजायची कल्पना जुनी आहे आणि ती थंड मुलखात वाढली. अमेरिकेत मिनेसोटा, मिशिगन आणि नेवाडा या राज्यांनी बर्फ काढणाऱ्या आणि सरकारी गाड्यांवर सेन्सर बसवले, कारण त्यांना रस्ता कुठे गोठला ते हवं होतं. आपल्याला त्याचा काही उपयोग नाही. आपल्याला जवळची वाटावी अशी दोन कामं वेगळी आहेत. जर्मनीत हानोवरच्या संशोधकांनी २०१० साली संगणकावर हिशोब मांडून दाखवलं की थोड्या अचूक पर्जन्यमापकांपेक्षा पुष्कळ अडाणी, चालती मापकं पावसाचा नकाशा चांगला काढू शकतात. चालती मापकं म्हणजे गाड्यांचे वायपर. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने अॅन आर्बर शहरातल्या सत्तरएक गाड्यांच्या वायपरची नोंद आणि काचेमागचा कॅमेरा ताडून पाहिला. त्यांचा २०१९ सालचा निष्कर्ष असा की पाऊस पडतोय की नाही एवढ्याच प्रश्नाला वायपरचं उत्तर रडार आणि पर्जन्यमापकापेक्षा बरोबर निघतं.

"किती" सोडून "आहे की नाही" एवढंच विचारायचं, हे आम्ही तिथून घेतलं.

त्यासाठी गाडीत बसवलेलं खोकं साधं आहे. ईएसपी३२ नावाचा छोटा कंट्रोलर, जीपीएस, सिमकार्डचं मॉड्यूल, नोंद साठवायला एसडी कार्ड. सगळं मिळून मध्यम स्मार्टफोनपेक्षा स्वस्त. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना ती चौदाच्या वर असते आणि सेल्फ मारताना त्यात असले झटके येतात की साधा मोबाइल चार्जर लावून भागत नाही. त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर आणि झटके शोषणारा डायोड लागतो. हे सांगतो, कारण असले उपक्रम महिनाभरात बंद पडतात ते बहुधा सेन्सरमुळे नव्हे, वीजपुरवठ्यामुळे.

वायपरची खबर गाडीच्या संगणकातून घ्यावी असं कोणालाही आधी सुचेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक आलं, नव्या गाड्यांना निदानाचं पोर्ट असतं, गॅरेजवाला तिथेच स्कॅनर लावतो. पण त्या पोर्टवर सर्व कंपन्यांना समान असलेल्या यादीत वेग, इंजिनचे फेरे, आत घेतलेल्या हवेचं तापमान, हवेचा दाब असं मिळतं. वायपर त्या यादीत नाही. तो ज्या संदेशातून जातो तो प्रत्येक कंपनीचा खासगी असतो. शिवाय पाचातल्या दोन पिकअप जुन्या, त्यांच्या वायपरला संगणक ठाऊकच नाही. म्हणून सरळ वायपरच्या मोटरकडे गेलो. या मोटरला हळू आणि जोरात अशा दोन गतींसाठी दोन वेगळ्या वायर येतात. दोन्हींवर एकेक ऑप्टोकपलर (वायरमध्ये वीज आली की प्रकाशाने खूण देणारा छोटा भाग) बसवला की गाडीचं वायरिंग न तोडता तीन अवस्था कळतात: बंद, हळू, जोरात. यापलीकडे आम्हाला पावसाबद्दल काहीच मोजायचं नव्हतं.

ड्रायव्हरांपैकी वयाने मोठे असलेले काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "वायपर चालू म्हंजे पाऊस, असं न्हाई सर. आमच्याकडं धुरळा किती!" त्यांचं खरं होतं. मे महिन्यात काच धुवायला वायपर लागतो, पुढच्या ट्रकने उडवलेल्या पाण्याने लागतो, आणि उलट बाजूने, रबर झिजलेलं असलं की बारीक पावसात मुद्दाम लावत नाहीत, काच आणखी माखते म्हणून. वेगाचाही परिणाम असतो. तोच पाऊस उभ्या गाडीला झिमझिम वाटतो आणि साठच्या वेगाने जाणाऱ्याला वायपर जोरात लावावा लागतो. म्हणून नियम असे ठरले: मिनिटाच्या आत बंद झालेला वायपर धरायचा नाही, गाडीचा वेग सोबत नोंदवायचा, आणि दोन वरच्या गाड्यांपैकी एकीने तरी सलग दहा मिनिटं वायपर चालवला तरच खाली खबर द्यायची. वायपर बंद असल्याची नोंदही तितकीच जपून ठेवली. कोरडं कुठे आहे हे पर्जन्यमापकाच्या नकाशात कधी नीट कळत नाही, गाडी ते प्रत्येक किलोमीटरला सांगत जाते.

तापमानाचा सेन्सरही बसवला होता, पण त्याची कहाणी थोडक्यात. चालत्या गाडीवर हवेचं तापमान मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. बॉनेटजवळ इंजिनची धग, खाली डांबराची, वर उन्हाची. कंपन्या हा सेन्सर पुढच्या बंपरमागे बसवतात, म्हणून सिग्नलला उभ्या कारमध्ये आकडा चढत जातो आणि लोक त्याचा फोटो काढून फिरवतात. आम्ही तो डाव्या आरशाखाली पांढऱ्या दुहेरी झाकणात टांगला आणि गाडी ताशी २५ किलोमीटरच्या वर काही मिनिटं चालल्याशिवायचे आकडे टाकून दिले. तेवढ्यावर तो सरळ वागला. रस्त्याचं तापमान मोजायला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर मात्र या कामात फसवा निघाला. बाजारात सहज मिळणाऱ्या एमएलएक्स९०६१४ ची नजर ९० अंशांची असते, म्हणजे अर्धा मीटर उंचीवरून तो रस्त्यावरचं एक मीटर व्यासाचं वर्तुळ पाहतो आणि त्यात स्वतःचं तापलेलं टायर आणि सायलेन्सरही येतो. अरुंद नजरेचा प्रकार मिळतो, पण पावसाच्या पहिल्या दिवशी भिंगावर चिखल बसला की तोही आंधळा.

उन्हाळ्यात त्याचा काही उपयोग होतो का, हे ठेकेदारांनी विचारलं होतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबर ६० अंशांपलीकडे जातं, हे सांगायला सेन्सर नको. त्यांना टायर फुटण्याची भीती होती आणि म्हणून ड्रायव्हर दुपारी हवा कमी करून घ्यायचे. हे उलटं आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं तर हवेचा दाब साधारण दोन पीएसआयने वाढतो आणि टायर ते धरून बनवलेलं असतं. हवा कमी असलेलं टायर जास्त दबतं, भिंती सतत दुमडत राहतात आणि त्या दुमडण्याने ते आतून तापून फुटतं. सकाळी थंड टायरला ठरलेली हवा भरा, दुपारी हात लावू नका, एवढं सांगून तो विषय मिटला.

हवेच्या दाबाचा सेन्सर कोणी सुचवला तर त्याला एक हिशोब सांगावा. साधारण नऊ मीटर वर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूरचं पठार त्याहून दीड-दोनशे मीटर उंच. घाट चढताना पंधरा-वीस हेक्टोपास्कलचा फरक पडतो आणि वादळ येताना पडणारा फरक त्यापुढे किरकोळ. रोज त्याच दूध केंद्रावर, त्याच जागी उभ्या राहिलेल्या गाडीचा दाब कालच्याशी ताडला तर काहीतरी कळतं. आम्ही ते केलं नाही.

आता प्रत्यक्ष कामाची एक संध्याकाळ. सप्टेंबरचा शेवट, साडेपाचची वेळ. फरशीच्या गावात ऊन होतं, मळणीला आणलेलं उडीद रस्त्यावर पसरलेलं. वरच्या दोनपैकी एक गाडी इटकळच्या पलीकडच्या वाडीतून निघाली आणि तिचा वायपर थेट जोरात लागला. नोंदीत वेग उतरत गेलेला दिसतो, मग गाडी थांबलेली, वायपर तसाच चालू. ड्रायव्हर समोरचं दिसत नाही म्हणून बाजूला घेऊन बसला होता. दहा मिनिटं पुरी झाल्यावर कूलरवर बसणाऱ्या वहिनींच्या फोनवर संदेश आला: "वरची गाडी, वायपर जोरात, १० मिनिटं." वहिनी म्हणजे ठेकेदारांच्या पत्नी, कूलर, हिशोब आणि ड्रायव्हर सगळं त्याच सांभाळतात. संदेश ड्रायव्हरांना थेट जाऊ द्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं, कारण गाडी चालवणाऱ्याने मोबाइलवर वाचत बसावं असं कोणाला वाटेल? त्यांनी खालच्या तिन्ही गाड्यांना फोन लावला. एक आधीच फरशी ओलांडून पुढे गेली होती, तिला परत येताना महामार्गाने यायला सांगितलं. दुसरी फाट्यावर होती. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, इथं तर लख्ख ऊन हाय." "ऊन असू दे. वळवा गाडी." तिसऱ्याचा फोन लागला नाही. तो फरशीवरून कोरडा गेला आणि अर्ध्या तासाने मागे पाहिलं तर ओढा काठोकाठ होता, असं त्याने नंतर सांगितलं.

हे वाचायला छान वाटतं. पण याच नियमाने जूनमध्ये खबर दिली होती तेव्हा फरशीवर थेंबही आला नव्हता, गाड्या उगाच वळसा घेऊन आल्या आणि डिझेलवरून कुरबुर झाली. वरचा पाऊस खोटा नव्हता. वायपर तितकाच वेळ, तितकाच जोरात चालला होता. फरक जमिनीत होता. काळी माती उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो. वरच्या अंगाचे पाझर तलाव, केटी बंधारे रिकामे असतात, उरलेलं पाणी ते अडवतात. तीच माती सप्टेंबरपर्यंत फुगून भेगा मिटवते, तिच्यातून पाणी मुरणं जवळजवळ थांबतं, बंधारे तुडुंब असतात आणि पडलेला प्रत्येक थेंब ओढ्याला लागतो. म्हणजे वायपरच्या दहा मिनिटांचा अर्थ महिन्यानुसार बदलतो.

यावर जलशास्त्रात जुना, साधा उपाय आहे. प्रत्येक दिवसाचा पाऊस पुढे ओढत न्यायचा, पण रोज त्याला एकापेक्षा कमी अशा अंकाने, समजा ०.९ ने, गुणत जायचं. काल पडलेला पाऊस जवळपास पूर्ण धरला जातो, पंधरवड्यापूर्वीचा जेमतेम. आम्ही पावसाच्या मिलिमीटरऐवजी वायपरची मिनिटं घातली, जोरातल्या मिनिटाला हळूच्या तिप्पट वजन दिलं. हे तिप्पट काही शास्त्रातून आलेलं नाही, अंदाज आहे. ही शिल्लक ठरावीक पातळीच्या खाली असेल तर संदेशात "वरची जमीन कोरडी" एवढे शब्द जोडले जातात आणि निर्णय वहिनींवर सोडला जातो. त्यांना वरच्या बंधाऱ्यांची स्थिती फोनवर दूध घालणाऱ्यांकडूनच कळत असते. माझ्या मते यापुढे जाऊन यंत्राने "जा" किंवा "जाऊ नका" सांगू नये. फरशीवरचं पाणी कोणी मोजलेलं नाही आणि एका हंगामाच्या नोंदीवर माणसाचा जीव टांगायचा नाही.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरांची. जीपीएस लागणार म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. मालक वेग बघणार, चहाला किती वेळ थांबलो ते बघणार, डिझेलचा हिशोब काढणार. एकाने खोक्याची वायर आठवडाभर सैल ठेवली होती आणि "खड्ड्यात निसटली असंल" म्हणत होता. त्याला दोष देता येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण पाच गाड्यांच्या धंद्यात कायद्यापेक्षा शब्द चालतो. ठरलं ते असं: खोकं चावीवर चालेल, गाडी बंद तर खोकं बंद, घरापर्यंतचा प्रवास नोंदला जाणार नाही, वेगाचा आकडा पावसाच्या हिशोबाला वापरला जाईल, मालकाला दिसणार नाही. ठेकेदारांनी हे सगळ्यांसमोर कबूल केलं. थोडी नाराजी दिसली त्यांच्या चेहऱ्यावर, कारण खरं सांगायचं तर त्यांनाही डिझेलचा हिशोब हवाच होता.

मग त्याच ड्रायव्हरांनी जी सूचना केली ती खोक्यातली सगळ्यांत कामाची वस्तू ठरली. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेतातली काळी माती चाकांना घेऊन डांबरावर येतात. त्यावर हलका पाऊस पडला, किंवा पहाटेचं दव जरी पडलं, की रस्ता साबणासारखा होतो. हे कुठल्याच सेन्सरला कळत नाही. वायपर बंद असतो, हवा कोरडी असते, चाक मात्र सुटतं. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत चाक घसरल्याची खबर असते, पण ती पुन्हा कंपनीच्या खासगी संदेशात. "डॅशबोर्डवर एक बटण द्या की सर. चिखल दिसला की दाबतो." दिलं. एकदा दाबलं की चिखल, दाबून धरलं की फरशीवर किंवा रस्त्यावर पाणी. वेळ आणि जागा खोकं आपोआप नोंदतं. घंटेच्या साध्या बटणाने इन्फ्रारेड सेन्सरला मागे टाकलं, असं म्हटलं तर इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांवर काम करणाऱ्यांना, राग येईल. मीही त्यातलाच आहे.

जे दिसत नाही ते अजून तसंच आहे. पूर आला की त्या रस्त्याने गाडी जात नाही, म्हणून जिथली माहिती सर्वांत जास्त हवी तिथेच नोंद कोरी राहते. जोरदार पावसात वीज जाते, टॉवरची बॅटरी संपली की रेंज जाते, आणि खोकं गप्प झालं की गाडी अडकली की नुसतं नेटवर्क गेलं ते कळायला मार्ग नाही. एसडी कार्डावर सगळं साठतं, पण ते दुसऱ्या दिवशी. म्हणून दर पाच मिनिटांनी "चालू आहे" एवढाच संदेश जातो, आणि वरच्या दोन्ही गाड्या एकाच वेळी गप्प झाल्या तर तीही खबर समजून वहिनी फोन लावतात. फोनही लागला नाही तर फरशीचा रस्ता बंद धरायचा. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवायचं ते प्रत्यक्ष पाणी पाहिलेल्या ड्रायव्हरनेच, वायपरच्या भरवशावर नाही. आम्ही तेवढी शिस्त पाळली नाही तर तिथला कर्मचारी तिसऱ्यांदा फोन उचलणार नाही.

यंदाची अडचण वेळेची आहे. वरच्या दोन्ही गाड्या साडेसहाच्या आत दूध घेऊन खाली येतात. त्यानंतर वरच्या अंगाला पडणारा पाऊस कोणीच पाहत नाही, आणि खालची शेवटची गाडी फरशी ओलांडते आठच्या सुमाराला. त्या वेळेला वर कोण फिरतं याची यादी काढली. वडाप, म्हणजे खासगी प्रवासी गाड्या, सहानंतर बंद होतात. एसटीवर काही बसवायचं तर परवानगीची वाट पाहण्यात हंगाम जाईल. राहिले कांद्याचे ट्रक. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा रात्रीचाच उतरतो आणि दिवाळीच्या आगेमागे नळदुर्गच्या बाजूने रोज गाड्या येतात. एक ट्रकमालक तयार झाले आहेत. त्यांची अट एवढीच, की वायपरची खबर त्यांच्याकडून जाणार असेल तर चिखलाच्या बटणाची खबर त्यांनाही मिळाली पाहिजे. ट्रकची वीज २४ व्होल्टची, त्यासाठी कन्व्हर्टर बदलून झाला आहे. वायपरच्या दोन वायरींचे रंग मात्र पिकअपपेक्षा वेगळे निघाले. त्या आता मल्टीमीटर लावून एकेक करून शोधायच्या आहेत.